सपाटीवरच्या माणसाची पहिली डोंगर-अल्ट्रा

"काहून पयून रायला रे बावा, येष्टी हुकली काय?"

पहाटे साडेपाचची वेळ. रानडुकरांसाठी जागलीला बसलेले एक आजोबा मचाणावरून विचारत होते. माझ्या पाठीवर पाण्याची पिशवी, कपाळाला बॅटरी, गुडघ्यापर्यंत चिखल. म्हटलं, "शर्यत हाय बाबा, पन्नास किलोमीटरची. डोंगरातून." त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मंग गाडीनं काऊन नाई जात?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. पायी कसं जायचं ते मात्र थोडंफार कळलंय. अचलपूर, अकोट, मोर्शी या पट्ट्यातल्या, समोर सातपुडा दिसतो पण राहायला सपाटीवर असलेल्या नवख्या माणसासाठी ते लिहून ठेवतो आहे. माझ्या बहुतेक चुका एकाच गैरसमजातून झाल्या. मला वाटायचं, अल्ट्रा म्हणजे जास्त पळणं. ती खरं तर चालण्याची, खाण्याची आणि सगळ्यात जास्त उतरण्याची परीक्षा असते. पळणं मधेमधे येतं.

आधी आकडा समजून घ्या

मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. त्यापेक्षा लांब ते सगळं अल्ट्रा. सहसा 50, 80, 100 किलोमीटर आणि 100 मैल, म्हणजे साधारण 161 किलोमीटर, अशी अंतरं असतात. पण डोंगरात नुसत्या अंतराला अर्थ नाही, चढ किती ते विचारायचं. आपल्याला कळेल असं माप घ्या. परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास आणि चिखलदरा 1,118 मीटरवर. म्हणजे घाट चढून गेलं की साधारण 750 मीटर चढ होतो. आल्प्समधली प्रसिद्ध यूटीएमबी ही शर्यत मोंब्लां पर्वताला फेरी घालते. तिचं अंतर 170 किलोमीटरच्या वर आणि चढ सुमारे 10,000 मीटर. म्हणजे परतवाडा ते चिखलदरा तेरा वेळा, आणि तेवढंच खाली. हे लिहिताना माझेच गुडघे दुखायला लागले.

शर्यतींची तुलना करायला ट्रेलवर, म्हणजे डोंगर-जंगलातल्या कच्च्या वाटांवर, पळणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, इट्राचं, एक सोपं गणित आहे. दर 100 मीटर चढाला एक किलोमीटर धरायचा आणि तो अंतरात मिळवायचा. परतवाडा ते चिखलदरा रस्त्यानं तीसेक किलोमीटर, वर साडेसात, म्हणजे साडेसदतीस. 50 किलोमीटर आणि 2,500 मीटर चढ असलेली शर्यत पायांना 75 वाटणार. माहितीपत्रकात चढाचा आकडाच दिला नसेल तर आयोजकांना फोन करून विचारा. तरीही नीट सांगता आला नाही तर ती शर्यत सोडून द्या.

पहिल्यांदा 50च्या वर जाऊ नका. पुण्याकडे सिंहगड-राजगड-तोरणा अशी किल्ल्यांवरून जाणारी शर्यत असते, कर्नाटकात कॉफीच्या मळ्यांतून मलनाड अल्ट्रा असते. दोन्ही नावाजलेल्या आहेत आणि दोन्हींसाठी आपल्याला निदान रात्रभर प्रवास करावा लागतो. प्रवासाचा तो थकवाही हिशेबात धरा, एक दिवस आधी पोचा. लडाखची 72 किलोमीटरची खारदुंगला तुमच्या मोबाईलवर सारखी येत राहील. ती पाच हजार मीटरच्या वर जाते. ती पुढच्या वर्षांसाठी ठेवा.

मग दवाखाना

चाळिशीच्या पुढचे असाल, बीपी-शुगर असेल, घरात कोणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल, तर ईसीजी आणि डॉक्टरांचा सल्ला घेऊनच सुरुवात करा. हे कुठंही वाचायला मिळेल. विदर्भातल्या माणसानं आणखी एक तपासणी करायची, ती म्हणजे सिकलसेल, रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार.

आपल्याकडे सिकलसेलचे वाहक, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच तो दोष आलेले, बरेच आहेत आणि अनेकांना ते ठाऊक नसतं, कारण वाहकाला एरवी काही त्रास होत नाही. पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, सवय नसलेल्या शरीराला एकदम पिळलं तर वाहकाच्याही स्नायूंची मोठी हानी होऊ शकते. माणूस कोसळू शकतो. 2023च्या जुलैपासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा, बोटातल्या रक्ताच्या थेंबावर पहिली चाचणी होते. वाहक निघालात तर पळणं बंद करायची गरज नाही. सराव हळूहळू वाढवायचा, पाण्यात कसूर करायची नाही, आजारी असताना पळायचं नाही, आणि सोबत्यांना सांगून ठेवायचं. प्रत्यक्ष आजार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेच करायचं.

पाया: सहा महिने, पांदणीवर

एका दमात नाही पण एका सकाळी 15 किलोमीटर चालत-पळत जाता येत असेल, तर 50च्या शर्यतीआधी सहा महिने हाती ठेवा. त्याहून कमी येत असेल तर वर्ष धरा. आठवड्यात चार दिवस पुरतात. दोन दिवस तासभर हलकं पळणं, एक दिवस चढ-उतार, आणि रविवारी लांब. हलकं म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकं हलकं. धाप लागून "हो", "नाही" एवढंच निघत असेल तर वेग कमी करा.

लांबचा दिवस किलोमीटरनं मोजू नका, तासांनी मोजा. दोन तासांपासून सुरू करा, दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं वाढवा, चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. शेवटच्या महिन्यापर्यंत पाच-सहा तास पायांवर राहता आलं पाहिजे. त्यातला अर्धा वेळ चाललात तरी चालेल. अकोल्याहून शेगावला रात्रभर चालत जाणारी माणसं बघा. त्यातल्या कित्येकांनी आयुष्यात पळायचे बूट घातलेले नसतात, पण सकाळी सात वाजता ती दर्शनाच्या रांगेत उभी असतात. पायांवर बारा तास राहायचं कसब आपल्या भागात आहेच. फक्त त्याला कोणी सराव म्हणत नाही.

डांबरी रस्ता शक्यतो टाळा. गावाबाहेरची पांदण हाच आपला ट्रेल. बैलगाडीच्या चाकोऱ्या, मधे गवताचा पट्टा, कुठं गोटे, कुठं नाला. घोट्याला हवा तेवढा व्यायाम तिथंच होतो. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीच्या वाटेला जाऊ नका. दहा पावलांत एकेका बुटाला किलोभर माती लागते आणि तुम्ही पळत नसता, ढेकूळ वाहून नेत असता. तेव्हा मुरमाड टेकाडं गाठा.

डोंगर नाही? पाझर तलाव आहे

चिखलदऱ्याला दर रविवारी जाणं कोणाला जमणार? पण गावापासून चार-पाच किलोमीटरवर एखादा पाझर तलाव असतोच. त्याचा बांध दहा मीटर उंच असला तर पन्नास वेळा चढला-उतरला की 500 मीटर चढ झाला. कंटाळा येतो, फार येतो. मी बांधाच्या टोकाला पन्नास खडे मांडून ठेवतो आणि दर फेरीला एक खाली टाकतो. तिसऱ्या दिवशी गुराख्याची पोरं माझे खडे पळवायला लागली. आता तीच मोजतात. मोठ्या धरणाच्या भिंतीवर परवानगी नसते, तिथं वाद घालू नका. नागपूरकडच्यांना रामटेकच्या गडाच्या पायऱ्या आहेत, आमच्याकडच्यांना मुक्तागिरीच्या. पण दोन्ही देवस्थानं आहेत, भाविकांच्या गर्दीत धडका देत पळायचं नाही. पहाटे जा, बाजूनं जा.

चढ पळायचा नसतो, हे पहिल्याच दिवशी पटवून घ्या. तळहात मांड्यांवर टेकवायचे, किंचित वाकायचं, लहान पावलं टाकत एका लयीत चालत राहायचं. जगातले उत्तम धावपटूही तीव्र चढ असाच चढतात. ब्रिटिश गिर्यारोहक नाइस्मिथनं 1892 साली डोंगरातल्या चालण्याचा एक ठोकताळा दिला. तासाला पाच किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला एक तास जादा. 12 किलोमीटर आणि 600 मीटर चढ असेल तर सुमारे साडेतीन तास. स्वतःचा वेग याच्याशी ताडून बघा, मग आयोजकांनी दिलेल्या मुदतीत आपण बसतो का ते घरीच कळतं.

उतार

इथं जरा थांबतो, कारण माझी पहिली 50 इथंच बुडाली.

सहा महिने मी सपाट रस्त्यावर घासले होते. सह्याद्रीतली शर्यत, पहिले दोन चढ मजेत गेले. तिसाव्या किलोमीटरनंतर एक लांबलचक उतार आला आणि मांड्यांचा पुढचा भाग दगड झाला. पाय वाकवला की गुडघा लटपटायचा. शेवटी मी एका झाडाला धरून पाठमोरा उतरायला लागलो. तेवढ्यात मागून एक बाई आली. डोक्यावर लाकडांची मोळी, पायात झिजलेली रबरी चप्पल. "सरका दादा" म्हणाली आणि पुढं निघून गेली. मी उभा राहून बघत बसलो. मान अजिबात हलत नव्हती, पावलं वीतभर अंतरावर पडत होती, गुडघे कायम थोडे मुडपलेले. एका दगडावर ती क्षणभरसुद्धा रेंगाळत नव्हती. उतरायचं कसं, याचा त्याहून चांगला धडा मला पुढं कोणी दिला नाही.

कारण असं आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडून काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना भार झेलतो, आणि त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. चांगली गोष्ट अशी, की एकदा असा मार बसला की पुढचे काही आठवडे तोच स्नायू तसल्या माराला दाद देत नाही. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी एकदा मनसोक्त उतार करा. एसटीनं चिखलदऱ्याला जा, मोथ्याकडून घाटरस्त्यानं खाली या. गाड्या समोरून येतील अशी बाजू धरा, वळणांवर कान उघडे ठेवा, कानात गाणी नकोत. असा शेवटचा मोठा उतार शर्यतीआधी अडीच-तीन आठवडे, त्यानंतर नाही.

तंत्र थोडक्यात. मागं रेलू नका, टाच आधी आपटते आणि घसरायला होतं. पावलं लहान आणि भरभर. नजर पायाशी नको, तीन-चार मीटर पुढं हवी. हात पंखासारखे थोडे उघडे. जानेवारीनंतर सागाची पानं गळून वाटेवर थर बसतो, खाली गोटा आहे की खड्डा ते दिसत नाही. तिथं पळायचंच नाही, चालायचं.

खाणं: घरच्या डब्यातून

शरीरात साठलेली साखर काही तासांत संपते. त्यानंतर येतो तो थकवा वेगळाच असतो. माणूस वाटेत बसतो आणि उगाच रडायला येतं. ते टाळायचं असेल तर पहिल्या तासापासून, भूक नसताना, खात राहायचं. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं एवढा अंदाज ठेवा. मध्यम केळं म्हणजे पंचवीसेक ग्रॅम, मध्यम उकडलेला बटाटा वीस ते तीस, दहा ग्रॅम गुळाचा खडा म्हणजे जवळपास दहा, आणि एक संत्रं बारा-पंधरा. आंबिया बहाराची संत्री शर्यतींच्या मोसमातच येतात, त्यांचा फायदा घ्या. फाकी सोलून डबीत भरा, बिया आधीच काढा. दमलेल्या तोंडाला बी थुंकायचीही शुद्ध नसते.

बाजारातली एनर्जी जेल, म्हणजे साखरेच्या घट्ट पाकाची पाकिटं, वाईट नाहीत, पण शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका. मी घेतली होती. पुढच्या दोन किलोमीटरची कहाणी सांगण्यासारखी नाही. पोटालाही सराव द्यावा लागतो, तोही रविवारीच. ठेचा-भाकर आणि तर्री मात्र शर्यत संपल्यावर.

पाण्याचं गणित आडतीवर करा. पळायला जाण्याआधी कमीत कमी कपड्यांत धान्याच्या काट्यावर उभे राहा, एक तास पळा, घाम पुसून परत उभे राहा. एक किलो घटलं तर एक लिटर घाम गेला. मधे पाणी प्यायलं असेल तर ते त्यात मिळवा. हिवाळ्यात एकदा आणि मार्चमध्ये एकदा करा, फरक बघून चाट पडाल. गेलेलं सगळंच पाणी भरून काढायचं नसतं, तहान लागेल तसं प्या. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. बोटातली अंगठी घट्ट होते, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो. जिवावर बेततं ते. सरकारी दवाखान्यात मिळणारी ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी ओतू नका.

आणि दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या पळताना घेऊ नका. पाणी कमी आणि स्नायू फाटलेले, अशा वेळी त्या मूत्रपिंडावर येतात.

अंगावर काय

बूट खडबडीत तळाचे, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे. उतारावर बोटं पुढं आपटतात, नखं काळी पडतात, म्हणून नखं दोन दिवस आधी कापा. नवा बूट शर्यतीआधी शंभरेक किलोमीटर तरी वापरलेला असावा. मोजे सुती नकोत, ओले राहतात आणि फोड येतात. मांड्यांच्या मधे आणि काखेत व्हॅसलीन.

आपल्या भागातला खरा शत्रू कुसळ. दिवाळीनंतर टेकडीवरचं गवत वाळलं की त्याच्या काळ्या सुया मोज्यात घुसतात. एक काढून तळहातावर घ्या आणि त्यावर थेंबभर पाणी टाका. पीळ पडलेली शेपटी हळूहळू उलगडत स्वतःभोवती फिरते. बी जमिनीत पेरण्यासाठी निसर्गानं केलेली ही सोय तुमच्या घामेजलेल्या मोज्यात, घोट्यावर, तशीच काम करते. पळताना थांबून उपटत बसलात तर दोन मिनिटांत परत तेवढीच. जुन्या मोज्याचा पंजा कापून टाका, उरलेली नळी बुटाच्या तोंडावर ओढून घ्या. हजार रुपयांचं काम फुकटात होतं.

बाकी आयोजकांची सक्तीची यादी असते. बॅटरी आणि जादा सेल, शिटी, पातळ रेनकोट, चकचकीत आपत्कालीन चादर, चार्ज केलेला फोन. ती यादी मुकाट्यानं पाळा. शिटी कशाला, असं मलाही वाटलं होतं. दरीत पडलेल्या माणसाचा आवाज दहा मिनिटांत बसतो. मिनिटात सहा शिट्या, मग एक मिनिट थांबा, परत सहा, ही डोंगरातली मदतीची हाक.

जंगलात पाहुण्यासारखं

मेळघाट 1973-74 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. गाभा क्षेत्रात पायी फिरायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. सराव सार्वजनिक रस्त्यांवर आणि गावांजवळच्या वाटांवर करा, शंका असेल तर वननाक्यावर विचारा. वाघाची भीती सगळ्यांना वाटते, पण मला अस्वलाची जास्त वाटते. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो, पहाटे ती फुलं खायला अस्वलं झाडाखाली येतात, आणि अचानक समोरासमोर आलं तर अस्वल पळून न जाता अंगावर येतं. त्या दिवसांत उजाडल्याशिवाय निघू नका, एकटे जाऊ नका, बोलत जा. त्याच वेळी कोरकू बायाबापड्याही मोह वेचायला आलेल्या असतात. आज या बाजूला जाऊ का, हे त्यांना विचारावं. त्यांचं उत्तर कोणत्याही ॲपपेक्षा ताजं असतं.

साप दिसला तर थांबा, जाऊ द्या. चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. पाय हलवू नका, गाडी बोलवा, सरळ सरकारी रुग्णालय. गावातली कुत्री अंगावर आली तर पळणं बंद करून चालायला लागा. खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं तरी बहुतेक वेळा भागतं.

शर्यतीचा दिवस

पहिल्या दहा किलोमीटरमध्ये सगळे तुम्हाला मागं टाकतील. टाकू द्या. लाज वाटेल इतकं हळू निघालात तरच वेग बरोबर आहे असं समजा. दर मदत-केंद्राची बंद होण्याची वेळ कागदावर लिहून पिशवीत ठेवा. केंद्रावर खुर्चीत बसू नका, बाटल्या भरा, हातात खाणं घ्या आणि चालत खा. वाटेवर खुणेच्या फिती बांधलेल्या असतात. बराच वेळ फीत दिसली नाही तर पुढं शोधत जाऊ नका, शेवटची दिसली तिथवर परत या. कधी शेळ्या फिती खातात, कधी पोरं काढून बैलाच्या शिंगाला बांधतात.

भोवळ, बरळणं, अंग तापून लालबुंद होणं यातलं काही कोणाला झालं तर घाम येतोय की नाही ते बघत बसू नका. सावलीत आडवं करा, मिळेल त्या पाण्यानं भिजवा, वारा घाला, आणि त्याच वेळी मदत बोलवा. आधी थंड करायचं, मग हलवायचं. आपल्याकडच्या उष्माघाताच्या दिवसांत हे शेतातही उपयोगी पडतं.

सोडायची वेळ आली तर केंद्रावर जाऊन, नाव सांगून सोडा. न सांगता आडवाटेनं घरी गेलात तर रात्रभर लोक तुम्हाला दरीत शोधत बसतील.

संपल्यावर दोन दिवस लघवीकडे लक्ष ठेवा. काळ्या चहासारखी झाली, किंवा होतच नसली, तर तडक दवाखान्यात. दोन आठवडे पळायचं नाही, चालायचं. आणि परतीच्या एसटीत दाराजवळची सीट धरा. अमरावती स्टँडवर उतरताना मला शेवटची पायरी उतरवेना. कंडक्टरनं हात दिला आणि विचारलं, "काय भाऊ, पडले काय कुठी?"